पायाळू राजा आणि खाडीकाठची भिवरा

उंबरकोटच्या दिवाणजींनी भिवराचे चारही कागद नीट वाचले, पुन्हा घडी घातली आणि तिच्याच हातात ठेवले.

"गुरूचं पत्र आहे, शिक्का आहे, अकरा वर्षं दवाखान्यात बाळंतपणं केल्याचा दाखला आहे. वागणूक चांगली. आमची घाटावरची बोलीही शिकून आलीस. सगळं आहे बाई, एक सोडून."

"ते कोणतं?"

"उंबरकोटात वर्षभर रोग्यांची सेवा केल्याचा दाखला. परमुलखात शिकलेल्या परिचारिकेला त्याशिवाय परवाना नाही."

"मग मी उद्यापासून सेवा करते, वर्षानं दाखला द्या."

"परवान्याशिवाय रोग्याला हात लावायचा नाही."

भिवरानं कागद कमरेला खोचले. "म्हणजे चूल पेटल्याखेरीज विस्तव मिळायचा नाही, आणि विस्तवाखेरीज चूल पेटायची नाही?"

"नियम महाराजांच्या सहीचा आहे," दिवाणजी म्हणाले. "सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मुक्काम करता येईल. मग नाका ओलांडायचा."

त्या दिवशी होता शनिवार. शिंपलगडच्या खाडीकाठून नऊ दिवस पायपीट करून आलेली भिवरा, पाठीत उसण भरलेली, तशीच धर्मशाळेत येऊन टेकली.

धर्मशाळा चालवणाऱ्या म्हातारीची सून ठकू दारात तांदूळ निवडत होती. दिवस भरलेले. पहिलटकरीण ती, माहेरीच जायची. गाठोडंसुद्धा बांधून तयार होतं. पण नदीवरचा साकव वाहून गेला आणि पोर सासरीच अडकली. भिवरानं तिच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि ओळखलं. बाळाचं डोकं वर होतं, पाय खाली.

"तुमच्याकडे सुईण कोण?" तिनं हळूच विचारलं.

"एकच आहे बाई. पण तिला मोतीबिंदू झालाय. परवा तिनं वासराला बाळोतं गुंडाळलं," म्हातारी म्हणाली.

भिवराचे हात शिवशिवले. पण हात लावावा तर शिपाई घाट उतरवून देणार, आणि ऐन वेळी ठकूपाशी कोणीच नसणार.

"बाळ पायाळू होणार असं दिसतंय," ती म्हणाली.

"होऊ दे की! आमचे महाराजसुद्धा पायाळूच," म्हातारी खुलली. "आधी पाय, मग डोकं. त्यांचा पाय पाठीला लागला की उसण पळालीच म्हणून समज. दर रविवारी वाड्यापुढे रांग लागते. तूही जा उद्या."

"महाराज आईसाहेबांचे कितवे?"

"पहिले. आणि शेवटचेही."

"आणि आईसाहेबांचं माहेर?"

"अगं, तुमच्याकडचंच! शिंपलगडच्या त्या."

नऊ दिवसांत भिवरा पहिल्यांदा हसली. इतकी हसली की पाठ दुखायला लागली.

रविवारी वाड्यापुढे घोंगड्या अंथरल्या होत्या. लोक पालथे पडायचे, महाराज तीनदा पाय लावायचे आणि "पुढचा" म्हणायचे. मोठे खुशीत होते. भिवराच्या पाठीला पाय लागला, एकदा, दोनदा, तीनदा.

"पुढचा!"

भिवरा उठून बसली, पण घोंगडी सोडीना. "महाराज, या पायाला कुठला परवाना?"

दिवाणजी धावत आले. "महाराज, हीच ती शिंपलगडची परिचारिका. दाखला नाही आणि तोंड मात्र आहे."

महाराजांना नियमावरून कोणी बोललेलं खपत नसे. "बाई, शिंपलगडचे हात कसे असतात आम्हाला काय माहीत? आमच्या राज्यातला एक तरी माणूस दाखव, जो तुमच्याकडच्या हातून सुखरूप सुटला आणि आज धडधाकट आहे. पण इथल्या कोणाला हात लावायचा नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत. जमलं तर परवाना, नाहीतर नाका."

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं, महाराज?" भिवरा म्हणाली. "त्या माणसाचा पाय आत्ताच माझ्या पाठीवर होता."

महाराजांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ही तुमचीही रीत आणि आमचीही. पाय आधी आले म्हणून सारा गाव गुण गातो. पण मागं राहिलेलं डोकं कोणी सोडवलं, ते जरा आईसाहेबांना विचारा."

वाड्याच्या सज्ज्यातून, बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून आईसाहेबांचा आवाज आला. "आवडाबाईनं. माझ्या माहेरची सुईण ती. दीड दिवस बसली होती रे माझ्यापाशी. तू निळा पडला होतास. तिनं उलटा धरला तेव्हा कुठे रडलास."

"त्या माझ्या गुरूच्या गुरू," भिवरा म्हणाली.

दिवाणजींना मात्र राहवेना. "पण महाराज, त्या आवडाबाईकडे उंबरकोटचा परवाना नव्हता! ते बाळंतपण आपल्या दप्तरी धरता येत नाही."

"बरं, नका धरू," भिवरा शांतपणे म्हणाली. "मग महाराज अजून जन्मलेच नाहीत. आणि न जन्मलेल्या राजाची सही असलेला नियम मला कसा लागू होतो, तेवढं सांगा. तुम्हाला दिवाण कोणी नेमलं, तेही सांगा."

महाराज आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि मग हसता हसता ते घोंगडीवरच बसले.

"दिवाणजी, लिहा परवाना! पटकन लिहा, नाहीतर आम्ही जन्मायचे राहून जाऊ." आणि उंबरकोटच्या दवाखान्याची किल्ली मागवून त्यांनी स्वतः भिवराच्या हातात दिली. हाताखाली शिकायला दहा मुली दिल्या. नियमाचा कागद आईसाहेबांनी मागून घेतला आणि त्यात बाळंतिणींसाठी सुंठ बांधून ठेवली.

सोमवारी दुपारी ठकू सुटली. मुलगी झाली. आधी पाय आले, मग भिवराच्या हातात डोकं. निळी नाही, गुलाबी. आणि आवाज असा की नाक्यावरचा शिपाई दचकला.

पुढच्या रविवारी वाड्यापुढची रांग निम्मी झाली. धर्मशाळेत नवा, कोवळा पायाळू पाय आला होता ना! आणि तिथे सगळ्यांत आधी घोंगडी टाकून पालथे पडले होते ते दिवाणजी.