राणी ओटी भरायला वाकली

फार फार मागे, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक चिमुकलं राज्य होतं. तिथली राणी मोठी व्रतस्थ, नेमधर्म कधी न चुकवणारी.

एका वर्षी खिंडीपलीकडच्या राज्यावर टोळधाड आली. उभं पीक फस्त झालं. उत्तरेच्या सम्राटाने लगेच शंभर गाड्या धान्य धाडलं. पण पोत्यापोत्यावर त्याची राजमुद्रा आणि रांगेपुढे दवंडी: ‘खा, पण कुणाचं खाताय ते ध्यानात ठेवा.’

आपल्या राणीला जमत होत्या वीसच गाड्या. प्रधान म्हणाला, “बाईसाहेब, आधी लिहून घेऊ. उद्या लढाई झाली तर आपल्या बाजूने उभं राहायचं. नाहीतर द्यायचं कशाला?”

“उपाशी माणूस काहीही लिहून देईल, प्रधानजी. त्याला काय अर्थ?”

राणी स्वतः गेली. “काय हवंय?” तिने तिथल्या राणीला विचारलं.

“खायला आहे हो. पेरायला दाणा नाही.”

मग राणीने वीसही गाड्या बियाणंच नेलं. पहिली ओंजळ शेजारणीच्या ओटीत घातली आणि वाकून नमस्कार केला.

प्रधान कुजबुजला, “मागणाऱ्यापुढे आपण वाकायचं? लोक हसतील.”

“हसू देत. ओटी भरणारीनेच वाकायचं असतं.”

दोन वर्षांनी सम्राटाची नजर या चिमुकल्या राज्यावर पडली. वाट एकच, शेजारच्या हद्दीतली खिंड.

“आता शेजाऱ्यांना काय दाखवणार? कागद तर नाही,” प्रधान म्हणाला. राणीने देवापुढे हात जोडले, पण सुटकेचं काही सुचेना.

तेवढ्यात जासूद धापा टाकत आला. शेजारची राणी पदर खोचून खिंडीच्या तोंडाशी उभी होती, मागे सारं गाव.

सम्राटाचा सेनापती तिला म्हणाला होता, “आमचं अन्न खाल्लंत. वाट सोडा.”

“खाल्लं. मान खाली घालून खाल्लं, म्हणून तर विसरलो नाही. वाट मिळणार नाही.”

“आमचं सैन्य मोठं आहे, बाई.”

“असेल. खिंड अरुंद आहे.”

हे ऐकून आपल्या राणीने डोळे पुसले. “प्रधानजी, घोडे काढा. ती आपल्यासाठी तिथे उभी आहे.”

दोन्ही राज्यांची माणसं खांद्याला खांदा लावून खिंडीत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सम्राटाचं सैन्य आल्या वाटेने परत गेलं.

तात्पर्य: मिंधं करायला दिलेली मदत मनात सल ठेवते; मान राखून दिलेली मदत संकटात आपल्या बाजूने उभी राहते.