टाचेवरून चढलेला मोजा

फार पूर्वी, ढग उंबऱ्याशी येऊन बसावेत इतक्या उंचावर एक गाव होतं. गावाच्या वर एक खिंड होती आणि खिंडीत एक मोठा दिवा. हिवाळ्यात धुकं उतरलं की पलीकडून मीठ घेऊन येणारे तांडे त्या दिव्याच्या उजेडानं वाट शोधत. दिवा लावणारा दिवेकरी आता म्हातारा झाला होता. चढ नुसता दिसला तरी त्याचे गुडघे कुरकुरायचे.

त्याला एकच मुलगी. लाकडं फोडावीत तर तिनं, वाती वळाव्यात तर तिनं, आणि धुक्यातून चालावं तर तेही तिनंच. बापानंतर दिवा आपल्या हाती यावा, ही तिची लहानपणापासूनची आस. पण गावाची एक रीत होती. ज्याला दिवेकरी व्हायचंय, त्यानं स्वतःच्या हातानं विणलेले मोजे घालून हिवाळ्यातला पहिला दिवा लावून यायचं. मोजेच का, हे कुणी विचारत नसे. रीत ती रीत.

आणि आमच्या या बहाद्दर मुलीनं जन्मात विणायची सुई हाती धरली नव्हती!

त्या वर्षी दिव्यावर आणखी एकाचा डोळा होता. तो पाटलाचा भाचा. दिवेकऱ्याला मान मिळतो आणि खिंडीतलं घर मिळतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. विणकामाच्या नावानं त्याचीही बोंबच होती.

दोघं एकाच दिवशी बाजारातल्या सुयावाल्या मावशीपुढे उभे राहिले. मावशीच्या डोक्यावर दोरीला विणलेले नमुने टांगलेले होते. भाच्यानं चकचकीत बारीक पोलादी सुया उचलल्या आणि वर बोट दाखवलं. “तो मोरांचा नमुना द्या. जेवढे रंग असतील तेवढे द्या.”

मग मुलगी कशी मागे राहील? “मलाही याच सुया. आणि मला ती हरणं.”

“पहिलाच मोजा ना गं तुझा?” मावशीनं विचारलं. “घालायचाय की मिरवायचाय?”

“दोन्ही!” मुलगी ठसक्यात म्हणाली. मावशी हसली आणि मागितलं ते दिलं.

घरी येऊन मुलीनं कंबर कसली. पण त्या गुळगुळीत सुयांवरून टाके सटासट घसरायचे. एक टाका धरावा तर शेजारचे दोन पळायचे. एका हरणाला पाच पाय फुटले, दुसऱ्याला एकही नाही. तिनं सगळं उसवलं आणि रागारागानं घरातल्या जाड लाकडी सुया घेतल्या. जाड सुयांनी काम भरभर झालं खरं, पण मोजा पायात घातला तर भोकाभोकांतून बोटं बाहेर! त्या मोज्यानं ओढ्यातले मासे पकडता आले असते. मुलगी हुंदके देऊन रडली.

बाप जवळ येऊन बसला. “धुक्यात चालायला कशी शिकलीस, आठवतं का? पहिल्याच दिवशी तुला कड्यावर नेलं होतं का मी?”

“नाही. अंगणात फिरवलं होतंत.”

“मग?”

मुलीनं डोळे पुसले आणि मान खाली घालून ती पुन्हा मावशीकडे गेली. मावशी एका शब्दानंही टोचून बोलली नाही. तिनं बांबूच्या सुया पुढे केल्या. जाड नाहीत, बारीक नाहीत, आणि टाका धरून ठेवणाऱ्या.

“आधी वीतभर तुकडा विणून बघ. फार घट्ट झाला तर थोडी जाड सुई घे, फार सैल झाला तर बारीक. तुझा हात कसा आहे ते मला काय माहीत? ते तुकडाच सांगेल. आणि नमुना म्हणशील तर दोन सुलट, दोन उलट.”

“एवढंच?”

“एवढंच. ओढलं की ताणतं आणि सोडलं की पायाला धरतं.”

मुलगी विणत राहिली. जरा विणायची, पायात घालून बघायची, चुकलं की उसवायची. होता होता तिची बोटं न बघता चालू लागली. मोजे तयार झाले. राखाडी, साधे, पण पायाला अगदी बेताचे.

पहिल्या दिव्याचा दिवस उजाडला. सारा गाव पारावर जमला. भाच्यानं रात्रंदिवस खपून विणलेले मोजे बाहेर काढले आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. काय ते मोर, काय ते पिसारे! मग मुलीचे मोजे दिसले आणि कुणीतरी खिदळलं, “हे विणलेत की घोंगडी कातरून आणलीय?” तिचे कान लाल झाले. वाटलं, इथून पळून जावं.

“चला, घाला,” गावचा कारभारी म्हणाला.

मुलीचे मोजे सरकन चढले. भाच्याचा मोजा मात्र टाचेशी येऊन अडला. मोरांसाठी आतल्या बाजूनं इतके रंगीत धागे आवळून ओढलेले होते, की मोजा तसूभर ताणेना. भाच्यानं ओढला. पाटलांनी ओढला. मामा-भाचे घामाघूम झाले, पण टाच काही आत शिरेना. मळतील म्हणून त्यानं ते मोजे एकदाही पायात घालून पाहिले नव्हते!

पण नुसते मोजे चढून भागणार नव्हतं. दिवा लागायला हवा होता. मुलगी बांबूच्या सुया अंबाड्यात खोचून आणि उरलेली लोकर कमरेला बांधून निघाली.

अर्ध्या चढावर धुक्यानं तिला गिळलं. तेवढ्यात घोट्यापाशी काटेरी झुडपानं मोजा धरला आणि टरकन आवाज झाला. टाके सुटत चालले. बर्फगार वारा आत शिरला, पाय बधिर होऊ लागला. तिला आपलाच हात दिसत नव्हता. क्षणभर तिला वाटलं, सगळं संपलं.

मग ती दगडाला टेकून बसली. मोजा काढला, चाचपडत सुटलेले टाके सुईवर घेतले, नवी लोकर गाठ मारून जोडली. दोन सुलट, दोन उलट. डोळ्यांचं कामच नव्हतं. आणि विणता विणता तिला ती रीत एकदम कळली. इथं वर मोजा सांधून द्यायला दुसरं कोण येणार होतं?

खाली पारावर सगळे श्वास रोखून वर बघत होते. अंधारून आलं. आणि धुक्यात एक पिवळा ठिपका उमटला, मोठा झाला.

“लागला! दिवा लागला!” गाव एका आवाजात ओरडला. पलीकडून तांड्याच्या घंटा किणकिणल्या. म्हातारा दिवेकरी दुखऱ्या गुडघ्यांवर ताठ उभा राहिला आणि सगळ्यांदेखत आनंदानं ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी नवी दिवेकरीण वाजतगाजत खाली आली. गर्दीतून पाटलाचा भाचा ओशाळून पुढे झाला. “मला शिकवशील?”

तिनं अंबाड्यातल्या सुया काढून त्याच्या हातात ठेवल्या. “आधी वीतभर तुकडा. मोर नंतर.”

पुढे खिंडीतल्या घरात, दिव्याच्या उजेडात बसून तिनं हरणंही विणली. एकेका हरणाला मोजून चार पाय होते आणि मोजा टाचेवरून सहज चढत होता.

तात्पर्य: पहिला मोजा पायासाठी विणावा. हात तयार झाला की मोर आणि हरणं विणता येतातच.