टोकी आणि देठी
अंगातल्या पेशी एकमेकींशी मोठ्याने बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका धनगराच्या पोटरीला खोल जखम झाली आणि तिथल्या स्नायूपेशींना रक्त मिळेनासं झालं. "जीव गुदमरतोय, इकडे वाट काढा!" त्या ओरडू लागल्या.

जवळच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत टोकी आणि देठी या दोन पेशी शेजारी राहत. टोकीने हाक आधी ऐकली. ती म्हणाली, "मी वाट शोधत पुढे जाते. तू मागून नळी वाढवत ये."

देठी भडकली. "मागे राहायला मी काय तुझी दासी आहे?" असं म्हणून तीही पुढे घुसली. दोघी दोन दिशांना गेल्या. नळी सांधायला मागे कुणीच उरलं नाही आणि भिंतीतून रक्त गळू लागलं.

"अगं, आम्ही मरतोय इथे!" पलीकडून किंकाळी आली. देठी चरकली. धुमसतच ती टोकीच्या मागे आली आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत पोकळ नळी वाढवत गेली. अखेर रक्त पोचलं.

"वाट मी शोधली," टोकी म्हणाली.

"नळी मी बांधली," देठी फणकारली.

समोरची स्नायूपेशी दोघींकडे वळली. "आज सकाळपर्यंत माझी बहीण जिवंत होती," ती म्हणाली.