गुहेचं ठेंगणं दार

कातळगडचे राजे तुळाजीराव एकदा लवाजम्यासह डोंगरातली गुहा बघायला आले. वाट दाखवायला पुढे होत्या गावच्या पाटलीणबाई, सगुणाबाई. हातात पलिता आणि जिभेला धार.

दोन दालनं बघून झाली. तिसऱ्याचं दार मात्र जेमतेम कमरेएवढं होतं. आत छताला पांढऱ्या दगडाची नाजूक झुंबरं लोंबत होती.

"वाकून या, सरकार," सगुणाबाई म्हणाल्या.

"आम्ही वाकायचं? दगडापुढे?" राजे गरजले. "घण आणा रे! फोडा हे दार!"

एक घाव बसला असता, तर सगळी झुंबरं खळ्ळकन खाली आली असती. सगुणाबाईंचा आवाज मात्र कापला नाही.

"फोडायचं कशाला, सरकार? न वाकताही इथून जाता येतं. पण तसे जाणारे दोघंच. एक दुपट्यातलं तान्हं बाळ, दुसरं तिरडीवरचं मढं. सरकारांसाठी काय मागवू?"

राजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग त्यांना हसूच फुटलं.

"दुपटं आता आम्हाला पुरायचं नाही," ते म्हणाले, "आणि तिरडीची एवढी घाई नाही."

पागोटं काखेत मारून राजे वाकले आणि आत शिरले.