बुजवलेली खिडकी

एकदा एका शेठजींची खात्री पटली, की आपल्याच इमारतीत वीजचोर राहतो. इमारतीतल्या खोल्या भाड्याने दिलेल्या आणि भाडे विजेसकट ठरलेले. त्यामुळे बिल भरायचे ते शेठजींनी. गेल्या उन्हाळ्यात ते वाढले आणि त्यांची झोप उडाली. भाडेकरू शेजारच्या दुकानांना चोरून तार देत असणार, असे ठरवून त्यांनी मागच्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. तार वरून जाईल म्हणून गच्चीला कुलूप घातले. तरी यंदाचे बिल आणखी फुगून आले. चोर भलताच हुशार आहे, असे आता शेठजींना वाटू लागले.

वरच्या मजल्यावर अनसूयाबाई एकट्या राहत आणि शिवणकामावर पोट भरत. त्यांच्या दाराच्या फटीतून भर दुपारी उजेड दिसे, पंख्याची घरघर ऐकू येई. दिवसाढवळ्या दिवा लावून ही बाई करते तरी काय? शेठजींनी त्यांना महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. या वयात मला दुसरी खोली कोण देणार, गिऱ्हाइके तर सगळी याच गल्लीतली, असे बाई काकुळतीने म्हणाल्या. शेठजींना ते सोंग वाटले.

चोर पुराव्यासह पकडावा म्हणून त्यांनी गावातल्या एका वृद्ध गुरुजींना बोलावून आणले. बरोबर त्यांचा शिष्यही आला. दाराच्या फटीतला उजेड पाहून शिष्यानेही मान डोलावली. त्याच्या मते निकाल तिथेच लागला होता. गुरुजींनी मात्र दार वाजवले. आत जाऊन त्यांनी बाईंकडून सुई-दोरा मागून घेतला, तो शेठजींच्या हाती दिला, दार लावले आणि दिवा व पंखा दोन्ही बंद केले.

"शेठजी, सुईत दोरा ओवा," ते शांतपणे म्हणाले.

या बाईने गुरुजींनाही फितवले की काय, अशी शंका शेठजींच्या मनात येऊन गेली. तरी ते अंधारात चाचपडू लागले. तापलेल्या छताची धग डोक्यावर उतरत होती. दोरा ओवला जाईना, सुई मात्र बोटात शिरली. वैतागून त्यांनी भिंत चाचपली आणि दिव्याचे बटण दाबले. उजेड पडला, तेव्हा त्यांचा हात बटणावरच होता.

गुरुजी म्हणाले, "उजेड आणि वारा या खोलीत फुकट येत होता, तो तुम्ही विटा लावून अडवलात. दर उन्हाळ्याआधी इथले भाडेकरू गच्चीवर चुना मारून छत थंड ठेवत, ते तुमच्या कुलपाने थांबले. शेठजी, गेल्या वर्षीचे बिल उन्हाळ्याने वाढवले. यंदाचे तुमच्या संशयाने."

शिष्याने मान खाली घातली. शेठजींनी गवंड्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि खिडकीतल्या विटा निघाल्या. ऊन थेट शिवणयंत्रावर पडले. शेठजींनी गच्चीची किल्ली अनसूयाबाईंपुढे ठेवली. खोली सोडू नका, चुना मीच आणून देतो, असे ते म्हणाले.

बाईंनी किल्लीला हात लावला नाही. "आणि मग भाडं किती वाढवणार?" त्यांनी विचारले.

शेठजींना राग आला नाही. भिंतीतल्या विटा एका सकाळीत निघाल्या होत्या. बाईंच्या मनातल्या या विटेला वेळ लागणार, हे त्यांना कळले.