वीतभर खड्डे

फार फार जुनी गोष्ट आहे, बरं का! एका उंच, उघड्याबोडक्या गडावर एक राजा राहत होता. राजा शूर, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. "नाही" हा शब्द त्याला सोसत नसे. एका कारभाऱ्याने तो एकदा उच्चारला, तर त्याचा कडेलोट झाला! तेव्हापासून गडावरची माणसं नुसत्या माना डोलवायला शिकली.

एके दिवशी राजाने म्हाळू माळ्याला बोलावलं. "जुन्या बागेच्या जागी वडाची राई हवी. गडावर सावली कशी ती नाही! आठ दिवसांत रोपं लागली पाहिजेत."

"जी महाराज," म्हाळू म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा?

पण म्हाळू हाडाचा माळी. नवं लावण्याआधी जुन्यांनी काय लावलं होतं ते बघायचं, ही त्याच्या घराण्याची रीत. त्याने खुरप्याने हलक्या हाताने माती खरवडली. पिवळ्या मुरमात काळ्या मातीची गोल गोल वर्तुळं दिसू लागली. जुन्या माळ्यांचे खड्डे! त्याने चाळीस खड्डे उकरले. सगळे वीतभरच खोल.

"शेवंती नाहीतर मोगरा असेल," त्याची बायको येसू म्हणाली. "पण एवढ्या बागेत एकही मोठं झाड नाही? जुनी माणसं काय खुळी होती?"

म्हाळूने एका खड्ड्यात पहार मारली. ठण्! आणि जमिनीखालून कुणीतरी उत्तर द्यावं तसा आवाज आला. भूत म्हणून पळून जाता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला वेगळीच शंका आली.

गडावर पिण्याच्या पाण्याचं एकच टाकं होतं, पलीकडे कड्यापाशी. त्याचं तोंड सगळ्यांना ठाऊक, पोट कुठवर गेलंय ते कुणालाच नाही. येसूला बागेत पहार मारायला सांगून म्हाळू टाक्याच्या तोंडाशी वाकला. ठण्! आतून स्पष्ट ऐकू आलं. बागेखाली टाकं होतं, म्हणूनच जुन्यांनी खड्डे वीतभरच ठेवले होते! वडाची मुळं दगड फोडतात, हे का माळ्याला सांगायला हवं?

"अहो, मग जा आणि सांगा महाराजांना!" येसू म्हणाली.

म्हाळू गेला. राजाने भुवई उंचावली. "काय रे? काही अडचण?"

म्हाळूला सदरेच्या खिडकीतून तो कडेलोटाचा कडा दिसला. "नाही महाराज," तो म्हणाला. तेवढा एक "नाही" मात्र राजाला फार आवडला.

वड लागले. वाढले. राजा सावलीत बसे आणि म्हाळूची पाठ थोपटी. म्हाळू मात्र रोज टाक्यात दोरी सोडून पाणी मोजी आणि घरी येऊन न जेवता बसून राही. एक तप त्याने असं भीतीत काढलं.

मग एका भर उन्हाळ्यात, दुपारी, गडाच्या पोटात कडाड् झालं. लोक टाक्याकडे धावले. छत फुटून आत कोसळलं होतं, तळाला भेग गेली होती आणि सगळं पाणी कड्यावरून खाली चाललं होतं. बाया रिकाम्या घागरी धरून रडू लागल्या.

राजा ओरडला, "कुणालाच कसं कळलं नाही?"

"मला कळलं होतं महाराज," म्हाळू म्हणाला. "झाडं लावायच्या आधीच."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तुमची भीती वाटली, महाराज."

राजाने कड्याकडे पाहिलं, म्हाळूकडे पाहिलं. मग त्याने मान खाली घातली. संध्याकाळच्या आत सगळा गड घागरी, गाठोडी, लेकरं घेऊन खाली उतरू लागला. सगळ्यांच्या मागून राजा पायी उतरला. म्हाळूही उतरला, पण येसूने वाटभर त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा ध्यानात ठेवा: ज्याच्यापुढे खरं बोलायची भीती वाटते, त्याच्या पायाखालची जमीन पोकळच असते, आणि भिऊन गप्प बसणाराही त्याच जमिनीवर उभा असतो.