राहुकाळापुरता विभाग

कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेच्या दारात संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब हातात कात्री घेऊन उभे होते. धर्मांचा अभ्यास शिकवणाऱ्या केळुसकर मॅडम दिसताच ते गरजले, “मॅडम, हे विज्ञानाचं युग आहे! तुमचा विभाग आजपासून बंद.”

इतकी वर्षं शिकवून मॅडमना आता रागही येईना. “बरं. मग कापा की फीत.”

“थांबा हो, राहुकाळ संपू दे!”

“मग तेवढा वेळ तरी माझा विभाग चालू ठेवा, साहेब.”

सगळे खो खो हसले. रावसाहेबही हसले. राहुकाळ संपताच त्यांनी फीत कापली आणि शिपायाला मॅडमच्या विभागाची पाटी उतरवायला पिटाळलं.

पोरांनी केलेलं मॅडमच्या उत्तराचं रील संध्याकाळपर्यंत गावभर गाजलं. मॅडमनी ते उघडलं. खाली पहिलीच कमेंट होती, ‘मॅडम, उद्या राहुकाळ किती वाजता आहे?’